दोन नोंदींमधली रेघ

हालचालीचा नकाशा म्हणून जे चित्र वाचकापुढे येते, मग ते वाघाचे असो, कासवाचे असो वा माणसाचे, त्यातील बिंदू नोंदलेले असतात आणि रेघ काढलेली असते. हा भेद अगदी साधा आहे, आणि म्हणूनच तो सहज नजरेआड होतो. गळ्यातील पट्ट्यात किंवा पाठीवरच्या टॅगमध्ये बसवलेले उपकरण एवढेच सांगते की अमुक क्षणी तो जीव अमुक अक्षांश-रेखांशाच्या आसपास होता. मधल्या काळात तो थांबला होता की चालत होता, सरळ गेला की वळसा घालून आला, याविषयी ते काहीच सांगत नाही, आणि ही रिकामी जागा नकाशा काढणारा एका सरळ रेघेने भरून टाकतो. कालक्रमाने लावलेल्या अशा स्थाननोंदींच्या माळेला मागोवा म्हणता येईल, आणि पडद्यावर प्रश्न विचारत, चित्र बदलत, पुन्हा प्रश्न विचारत मागोव्याचा जो अभ्यास केला जातो, त्याला आंतरक्रियात्मक दृश्य विश्लेषण असे नाव आहे. या पद्धतीचे मोल सहसा तिच्या देखण्या चित्रांवरून ठरवले जाते. वास्तविक ते ठरायला हवे ते काढलेली रेघ पुसून पाहण्याची, वेगळ्या तऱ्हेने काढून पाहण्याची आणि कुठे ती काढूच नये हे ओळखण्याची सोय ती पाहणाऱ्याला किती देते, यावरून.

यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला एक नर वाघ या विचारासाठी मध्यवर्ती उदाहरण म्हणून घेण्यासारखा आहे. टी-१ या वाघिणीचा पहिला बछडा म्हणून टी-१-सी-१ असे सांकेतिक नाव मिळालेल्या, आणि पुढे 'वॉकर' म्हणून प्रसिद्ध झालेल्या या वाघाला भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर बसवली. जूनमध्ये त्याने टिपेश्वर सोडले, महाराष्ट्रातील आणि शेजारच्या तेलंगणातील जिल्हे पालथे घालत डिसेंबरमध्ये तो बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, आणि मार्च २०२० पर्यंतच्या सुमारे नऊ महिन्यांत त्याने तीन हजार किलोमीटरांहून अधिक अंतर कापल्याचे जाहीर झाले. कॉलर साधारण तासाला एक स्थान नोंदवत होती आणि या काळातील नोंदी पाच हजारांहून अधिक होत्या. नऊ महिन्यांचे तास मात्र साडेसहा हजारांच्या आसपास भरतात, म्हणजे प्रत्येक तासाची नोंद हाती नाही. आणि जिथे नोंद आहे तिथेही ती एका क्षणाची आहे, उरलेल्या एकोणसाठ मिनिटांची नाही.

तीन हजार किलोमीटर या आकड्याचा अर्थ या पार्श्वभूमीवर तपासावा लागतो. लागोपाठच्या दोन नोंदींमधील सरळ अंतरे मोजून त्यांची बेरीज केली की असा आकडा मिळतो, परंतु वाघ नाल्याच्या कडेने वळत, बांध चुकवत, वस्तीला वळसा घालत चालतो, त्यामुळे प्रत्येक तुकड्यात त्याचे खरे चालणे सरळ अंतराहून अधिकच असते. तासाऐवजी सहा तासांनी एक नोंद घेतली असती तर त्याच वाघाचा त्याच काळातील प्रवास कितीतरी कमी भरला असता, आणि दर पाच मिनिटांनी घेतली असती तर बराच अधिक. शालेय पुस्तकांतून पिढ्यान्पिढ्या ७,५१६ किलोमीटर म्हणून पाठ केलेली भारताच्या किनाऱ्याची लांबी अलीकडे ११,०९८ किलोमीटरांवर गेली, ती समुद्र पुढे सरकल्यामुळे वाढली नाही. अधिक बारकाईच्या नकाशावर खाड्या, मुखे आणि बेटे मोजली गेली म्हणून वाढली. मोजपट्टी जितकी लहान तितकी वाकडी रेघ लांब, हा नियम किनाऱ्याला लागू आहे आणि वाघाच्या वाटेलाही.

वाघाच्या बाबतीत याला एक उलटी बाजूही आहे, आणि ती अधिक फसवी आहे. उपग्रहांच्या आधारे ठरवलेल्या स्थानात काही मीटरांची चूक नेहमीच असते, दाट झाडोऱ्याखाली वा अरुंद दरीत ती वाढते, आणि त्यामुळे झुडपात दिवसभर झोपलेला वाघही तासातासाला थोडा इकडे, थोडा तिकडे सरकल्यासारखा दिसतो. ही खोटी पावले मोजली गेली तर विश्रांतीचे रूपांतर प्रवासात होते. म्हणजे नोंदी विरळ केल्या तर खरे चालणे गळते आणि दाट केल्या तर न चाललेले चालणे मिसळते. यातून सुटका करून देणारे एकच एक बरोबर कालांतर नाही. जे करता येते ते असे की पडद्यावर नोंदींमधला काळ कमी-अधिक करण्याची एक सरकपट्टी ठेवावी, ती सरकवताना लांबीचा आकडा आणि रेघेचा आकार कसा बदलतो ते डोळ्यांसमोर घडू द्यावे, आणि कोणते निष्कर्ष त्या बदलातही टिकतात ते पाहावे. टी-१-सी-१ ज्ञानगंगेला पोचला हा निष्कर्ष कोणत्याही सरकवण्यात टिकतो. तो नेमका किती किलोमीटर चालला हा टिकत नाही. छापील नकाशा ही दोन्ही विधाने एकाच शाईत मांडतो.

वेळ आणि जागा एकाच चित्रात कशी बसवावी, हा प्रश्न संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये इब्री यांनी पॅरिस-लियाँ मार्गावरील गाड्यांचे एक वेळापत्रक आलेखाच्या रूपात मांडले, आणि प्राण्यांच्या व माणसांच्या हालचालींचा शास्त्रीय अभ्यास करणारे एतिएन-ज्यूल मारे यांनी ते आपल्या आलेखपद्धतीवरील ग्रंथात घेतल्यामुळे ते जगभर माहीत झाले. आडव्या अक्षावर दिवसाचे तास, उभ्या अक्षावर स्थानके आणि प्रत्येक गाडीची एक तिरकी रेघ, अशी त्याची रचना होती. भारतीय रेल्वेच्या नियंत्रण कक्षात सेक्शन कंट्रोलर ज्या चार्टवर वर्षानुवर्षे पेन्सिलीने गाड्या ओढत आला, तो याच घराण्यातला आहे: रेघ जितकी उभट तितकी गाडी वेगवान, रेघ आडवी झाली की गाडी उभी, आणि विरुद्ध दिशांच्या दोन रेघा छेदतात तिथे क्रॉसिंग. या चार्टचे बळ असे की तो झालेल्याची नोंद ठेवतो आणि होऊ घातलेल्याचा विचारही त्यावर करता येतो; उशिरा आलेली गाडी कुठे थांबवावी आणि कुठली पुढे काढावी हे कंट्रोलर त्या रेघांकडे पाहूनच ठरवतो, तो रेघ खोडतो आणि पुन्हा ओढतो. आंतरक्रियात्मक चित्र म्हणजे काय याचे उत्तर पडद्याआधी या पेन्सिलीत सापडते.

गाडीला रूळ असल्यामुळे तिची जागा एका अक्षावर मावते, वाघाची मावत नाही. स्वीडनमधील लुंड विद्यापीठाचे भूगोलतज्ज्ञ टॉर्स्टेन हेगरस्ट्रँड यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधातून कालभूगोल या नावाने ओळखली जाणारी जी विचारपद्धती पुढे आली, तिने या अडचणीतून वाट काढली. नकाशा जमिनीसारखा आडवा ठेवायचा आणि काळ त्यावर उभा उभारायचा. मग एका जागी थांबलेला माणूस उभ्या खांबासारखा दिसतो आणि चालणारा माणूस तिरक्या दोरीसारखा वर चढत जातो. या रचनेला अवकाश-काल घन म्हणतात. हेगरस्ट्रँड यांच्या विचारातील सर्वांत खोल कल्पना मात्र दोरीची नाही, दोन गाठींमधल्या मोकळ्या जागेची आहे. दोन वेळी दोन ठिकाणी असल्याची खात्री आहे आणि जास्तीत जास्त वेग माहीत आहे, एवढ्यावरून मधल्या काळात तो जीव कुठे कुठे असू शकला असता याची सीमा नक्की काढता येते. घनात ही सीमा शंकूंनी बनलेल्या लोलकासारखी दिसते आणि जमिनीवर तिची सावली लंबवर्तुळाची पडते.

हे लंबवर्तुळ प्रत्यक्ष आकड्यांत उतरवले की सरळ रेघेचा आत्मविश्वास किती निराधार आहे ते कळते. समजा, वाघाचा टिकाऊ वेग ताशी पाच किलोमीटर धरला आणि तासाभराच्या अंतराने घेतलेल्या दोन नोंदी एकमेकींपासून एक किलोमीटरवर आहेत. मधल्या तासात त्याला पोचता येण्याजोगे क्षेत्र पाच किलोमीटर लांब आणि जवळपास तितकेच रुंद भरते, म्हणजे सुमारे १९ चौरस किलोमीटर. मधली एक नोंद चुकली आणि अंतर दोन तासांचे झाले तर ते ७८ चौरस किलोमीटरांच्या आसपास जाते, आणि संपूर्ण टिपेश्वर अभयारण्याचे क्षेत्र १४८ चौरस किलोमीटर आहे. एका हुकलेल्या नोंदीने अर्ध्याहून अधिक अभयारण्याएवढी अनिश्चितता उघडते, आणि नकाशावर तिथे केसासारखी एक रेघ असते. अर्थात वाघ त्या क्षेत्रात सर्वत्र सारख्याच शक्यतेने असतो असे नाही. दोन बिंदूंच्या जवळपास असण्याची शक्यता अधिक आणि कडेला कमी, हे गणिताने मांडणारी ब्राउनीय सेतू नावाची पद्धत प्राणिशास्त्रात रुळली आहे. तिच्यात रेघेच्या जागी मधे फुगणारा आणि नोंदीपाशी आवळणारा एक छायापट्टा मिळतो. ज्या साधनात रेघेवरून छायापट्ट्यावर आणि छायापट्ट्यावरून नुसत्या बिंदूंवर एका टिचकीत जाता येत नाही, ते साधन कितीही रंगीत असले तरी अपुरे मानले पाहिजे.

आंतरक्रियात्मक या शब्दाचा अर्थ पुष्कळदा नकाशा जवळ ओढता येणे, दूर ढकलता येणे एवढाच घेतला जातो. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात विदेचा, म्हणजे जमवलेल्या नोंदींचा, शोधक अभ्यास आणि आधीच मांडलेल्या अनुमानाची परीक्षा या दोन कामांत फरक केला, आणि पहिल्या कामासाठी चित्राला मानाचे स्थान दिले. जे पाहायला मिळेल अशी अपेक्षाच नव्हती ते दिसायला लावणारे चित्र त्यांना सर्वांत मोलाचे वाटत असे. अशा शोधासाठी एक चित्र पुरत नाही, एकमेकांना जोडलेली अनेक चित्रे लागतात. एका बाजूला नकाशा, शेजारी चोवीस तास आडवे आणि दिवस उभे मांडलेला रंगीत तक्ता, खाली वेगाचा आलेख, आणि यांपैकी एका ठिकाणी काही भाग निवडला की बाकीच्या सर्व चित्रांत तेवढाच भाग उजळतो. टी-१-सी-१ च्या मागोव्यात तक्त्यावरील रात्रीचे तास निवडले तर लांब पल्ल्याचे तुकडे उजळतील, कारण तो मुख्यतः रात्री चालत होता. दिवसाचे तास निवडले तर नकाशावर बिंदूंचे दाट पुंजके उमटतील, आणि ते कुठे आहेत हा पुढचा प्रश्न आपोआप उभा राहील. नतालिया आणि गेन्नादी आंद्रियेंको यांनी सहकाऱ्यांबरोबर २०१३ मध्ये लिहिलेल्या हालचालींच्या दृश्य विश्लेषणावरील ग्रंथात आणखी एका उलथापालथीवर भर आहे: वाघाबरोबर फिरण्याऐवजी एका जागी उभे राहून पाहावे. एखाद्या नाल्याच्या काठाला, एखाद्या महामार्गाच्या एका किलोमीटरला, कोणकोणते मागोवे कधी येऊन गेले, असे विचारले की त्याच नोंदी जागेचा इतिहास सांगू लागतात. प्राण्याचे चरित्र आणि जागेचे चरित्र यांत ये-जा करता येणे हे या पद्धतीचे फार मोठे देणे आहे.

परंतु पुंजका म्हणजे काय, हे पडदा सांगू शकत नाही. एका जागी दहा तास थांबलेला वाघ शिकारीपाशी थांबला असेल, उन्हापासून लपला असेल, जखमी असेल, किंवा चारही बाजूंनी माणसांचा वावर असल्यामुळे अडकून पडला असेल. म्हणून वन्यजीव अभ्यासात पुंजक्याच्या जागी प्रत्यक्ष जाऊन हाडे, केस, विष्ठा, ठसे पाहण्याची रीत आहे, आणि ते काम करणारे वनरक्षक, वनमजूर आणि गावकरी हे विश्लेषणातले दुय्यम हात नव्हेत. विदर्भात कपाशी उभी असते तेव्हा तिच्यात वाघाला लपता येते, वेचणी होऊन पऱ्हाटी उपटली गेली की तेच शेत उघडे पडते. उपग्रहचित्रावर दोन्ही वेळा 'शेती' असाच रंग असतो. हिंगोलीत टी-१-सी-१ कडून एक माणूस जखमी झाला तो झुडपात विसावलेल्या वाघाजवळ लोकांचा गट शिरल्यामुळे, आणि संपूर्ण प्रवासातील माणसाशी झालेला तेवढाच संघर्ष ठरला. मागोव्यात ती घटना थांबलेल्या बिंदूंपलीकडे काही दाखवत नाही. तूर कोणत्या महिन्यात माणसाच्या उंचीची होते, पाणवठा कधी आटतो, गुरे कोणत्या वाटेने परततात, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्या हाती हे साधन गेले नाही तर पडद्यावरचे प्रश्न चुकीचे विचारले जातील. आजवर अशी बहुतेक साधने इंग्रजीत आणि संशोधनसंस्थांच्या भिंतींआड राहिली आहेत, ही केवळ सोयीची उणीव नाही, ज्ञानाची उणीव आहे. बीटवरच्या माणसाला मराठीत पाहता येईल, पुंजक्यावर बोट ठेवून आपली नोंद जोडता येईल, असा पडदा हा विश्लेषणाचाच भाग समजायला हवा.

यावर एक गंभीर आक्षेप असा घेतला जातो की नोंदी लाखोंनी जमू लागल्यावर मानवी डोळ्याला मधे आणणे कालबाह्य आहे, चालणे, विसावणे, चरणे, शिकार करणे यांची वर्गवारी आता यंत्रच करते. वर्गवारी यंत्र करते हे खरे आहे आणि ते करावेच, पण कोणते वर्ग असावेत हे त्याला आधी कुणीतरी शिकवलेले असते, आणि मागोव्यातील सर्वांत मोलाची गोष्ट बहुधा अशीच असते जिच्यासाठी वर्ग अजून तयार झालेला नाही. दुसरा आक्षेप याहून अधिक वजनदार आहे. माणसाचा डोळा आकृत्या शोधण्यात इतका तरबेज आहे की नसलेल्या आकृत्याही त्याला दिसतात, ढगांत हत्ती दिसावा तशा. अगदी योगायोगाने भरकटणारा बिंदू काही काळ एकाच दिशेने जातो, एखाद्या जागेभोवती घुटमळतो, आणि पाहणारा तिथे हेतू वाचतो.

या दुसऱ्या आक्षेपाला उत्तर आहे, आणि तेही चित्राच्याच वाटेने येते. अँड्रियास बुजा, डायान कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडलेली पद्धत पोलिसांच्या ओळखपरेडीवर बेतलेली आहे. खऱ्या नोंदींचे एक चित्र आणि काही विशेष घडलेच नाही असे धरून संगणकाने रचलेली एकोणीस चित्रे शेजारी शेजारी मांडायची, आणि खरे चित्र न पाहिलेल्या माणसाला विचारायचे की यांतले वेगळे कोणते. त्याने खरे चित्र ओळखले तर निव्वळ नशिबाने तसे होण्याची शक्यता विसात एक असते. ओळखले नाही तर अभ्यासकाला दिसलेली आकृती बहुधा त्याच्या डोळ्यातच होती. वाघ नदीकाठ धरून चालला असे विधान करायचे असेल तर तितक्याच लांबीची, तितक्याच वळणांची, पण नदीची खबर नसलेली एकोणीस काल्पनिक भ्रमणे त्याच नकाशावर काढून पाहिली पाहिजेत. मागोव्याच्या प्रत्येक साधनात ही सोय आपसूक असावी, असा आग्रह धरायला हवा, कारण ज्या डोळ्याला इतके अधिकार द्यायचे त्याची परीक्षाही त्याच ठिकाणी झाली पाहिजे.

चलचित्राविषयी येथे थोडे सांगणे भाग आहे, कारण हालचाल दाखवायची तर चित्र हलले पाहिजे ही समजूत फार दृढ आहे. मानसशास्त्रज्ञ बार्बरा ट्वर्स्की यांनी सहकाऱ्यांसह २००२ मध्ये केलेल्या आढाव्यात, तितकीच माहिती देणाऱ्या स्थिर चित्रांपेक्षा चलचित्रे समजायला अधिक सोपी असतात याला ठोस आधार सापडला नाही. हलता बिंदू पाहताना डोळा त्याच्यामागे धावतो आणि मघाशी काय झाले ते स्मरणातून निसटते. तुलना करायची तर दोन्ही गोष्टी एकाच वेळी समोर असाव्या लागतात. बातमीत किंवा शाळेत प्रवास दाखवायला चलचित्र उत्तम आहे, अभ्यासाला महिन्यामहिन्याचे छोटे नकाशे एका ओळीत मांडलेले बरे.

समुद्रात शिरले की हे सारे प्रश्न अधिक तीव्र होतात. कोकण किनाऱ्यावर वेळासला २००२ पासून लोकसहभागातून सुरू झालेल्या कासव संवर्धनानंतर, जानेवारी-फेब्रुवारी २०२२ मध्ये कांदळवन प्रतिष्ठान आणि भारतीय वन्यजीव संस्था यांनी वेळास, आंजर्ले आणि गुहागर येथे अंडी घालायला आलेल्या पाच ऑलिव्ह रिडले माद्यांच्या पाठीवर उपग्रह टॅग बसवले. प्रथमा, सावनी, रेवा, वनश्री आणि लक्ष्मी ही त्यांची नावे महाराष्ट्रात घरोघरी पोचली. कासव श्वास घ्यायला वर आले, टॅगची तार पाण्याबाहेर निघाली आणि त्याच वेळी उपग्रह माथ्यावरून जात असला तरच संदेश पोचतो, आणि १९७८ पासून चालत आलेल्या आर्गोस यंत्रणेत स्थान काढले जाते ते उपग्रहाच्या गतीमुळे संदेशाच्या वारंवारितेत पडणाऱ्या फरकावरून. प्रत्येक स्थानाला एक प्रतवारी मिळते: वर्ग ३ म्हणजे चूक अडीचशे मीटरांच्या आत, वर्ग १ म्हणजे पाचशे ते दीड हजार मीटर, वर्ग ० म्हणजे दीड हजारांहून अधिक, आणि ए व बी या वर्गांत चुकीचा अंदाजच दिलेला नसतो. नकाशावर हे सर्व बिंदू सारख्याच टिंबांनी दाखवले की वर्ग ३ चे वजन बीलाही मिळते, आणि कासव सह्याद्रीच्या पायथ्याशी पोहताना दिसते.

जमिनीवर पडलेले बिंदू गाळून टाकावेत हा यावरचा सर्वमान्य उपाय, आणि अशक्य वेगाचे तुकडेही त्याच चाळणीतून काढले जातात. पण ऑलिव्ह रिडलेची मादी एकाच हंगामात पुन्हा अंडी घालायला किनाऱ्यावर येऊ शकते, आणि जमिनीवरचा बिंदू सरसकट पुसणारी चाळणी नेमका तोच क्षण पुसून टाकते ज्यासाठी हा सगळा खटाटोप आहे. चाळणी लावू नये असा याचा अर्थ होत नाही. गाळलेले बिंदू नाहीसे न होता फिकट होऊन पडद्यावर राहिले पाहिजेत, कोणत्या नियमाने गळले ते त्यांच्यावर बोट ठेवताच कळले पाहिजे, आणि वाळूवरच्या रात्रीच्या बिंदूला परत बोलावण्याचा अधिकार अभ्यासकाकडे राहिला पाहिजे.

मागोवा किती थोडक्यात मावू शकतो याचे टोकाचे उदाहरणही गुहागरचेच आहे. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये वल्ह्यासारख्या पुढच्या पायाला धातूचा साधा क्रमांकित बिल्ला लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना आढळली. जवळपास चार वर्षे, दोन किनारे आणि दोनच बिंदू. वृत्तपत्रांनी सुमारे ३,५०० किलोमीटरांचा प्रवास म्हणून तो मांडला, परंतु ती श्रीलंकेला वळसा घालून आली की पांबनजवळच्या अरुंद पाण्यातून, एकदा आली की अनेकदा ये-जा करते, यांपैकी काहीही त्या बिल्ल्यात नाही. आणि तरीही ही नोंद अमूल्य आहे, कारण पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवे परस्परांपासून अलग असतील हे गृहीतक तिने एका फटक्यात डळमळीत केले. गुहागरहून २०२३ मध्ये टॅग लावून सोडलेली बागेश्री श्रीलंकेच्या बाजूने बंगालच्या उपसागरात गेली, तो सविस्तर मागोवा या दोन बिंदूंशेजारी ठेवला की एक शक्यता ठळक होते, सिद्ध होत नाही. रेघ न काढलेले दोन बिंदू आणि रेघ काढलेला एक मागोवा यांना एकाच नकाशावर, पण वेगवेगळ्या भाषेत बोलू देणे, ही खरी चित्रकला.

हे बारकावे अभ्यासकांपुरते राहत नाहीत, कारण मागोव्यावरून रस्ते, कुंपणे आणि भुयारी वाटा ठरतात. व्याघ्र भ्रमणमार्ग सहसा हिरव्या तुकड्यांना हिरव्या तुकड्यांशी जोडून आखले जातात. टी-१-सी-१ च्या मागोव्याने दाखवले की एक तरुण नर शेतांमधून, रस्ते ओलांडत, वस्त्यांच्या कडेने महिनोन्महिने जाऊ शकतो. यावरून त्याची रेघ म्हणजेच भ्रमणमार्ग असे धरणे जितके चुकीचे, तितकेच तो अपवाद म्हणून सोडून देणेही चुकीचे आहे. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर रस्ता उचलून त्याखाली प्राण्यांसाठी मोकळ्या वाटा ठेवल्या गेल्या आणि वाघ त्या वापरतात हे कॅमेऱ्यांनी नोंदवले, पण अशी वाट कुठे ठेवायची हे ठरवताना एका रेघेने रस्ता कुठे छेदला हे पाहून चालत नाही, कारण तो छेदबिंदू बहुतेक वेळा दोन नोंदींमधल्या सरळ रेघेने निर्माण केलेला असतो. छायापट्टा दोन किलोमीटर रुंद असेल तर दोन किलोमीटरांची पाहणी करावी लागते. काँक्रीट एकदा ओतले की सरकपट्टी सरकवता येत नाही.

मागोवा उघडा ठेवावा की झाकून, हा प्रश्न यातूनच येतो. पन्ना व्याघ्र प्रकल्पातील एका वाघाच्या कॉलरची माहिती ज्या ई-मेल खात्यात येत होती, त्यात परक्याने शिरण्याचा प्रयत्न झाल्याचे २०१३ मध्ये उघड झाले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पंधरा लाख लोकांच्या पंधरा महिन्यांच्या मोबाइल नोंदी तपासल्यावर असे दिसले की केवळ चार स्थान-वेळ बिंदू माहीत असले तर ९५ टक्के लोकांचा मागोवा इतरांपासून वेगळा ओळखता येतो, नाव पुसलेले असले तरीही. व्यायामाच्या नोंदी ठेवणाऱ्या स्ट्राव्हा या ॲपने सर्वांच्या धावण्याचा एकत्रित नकाशा प्रसिद्ध केल्यानंतर, जानेवारी २०१८ मध्ये, वाळवंटातील लष्करी तळांच्या सीमा त्यात उजळलेल्या आढळल्या. जे साधन रेघेमागचे सत्य उकलते तेच लपण्याची जागाही उकलते, म्हणून वाघाच्या बाबतीत ताज्या नोंदी काही काळ रोखणे आणि माणसाच्या बाबतीत मागोवा जमवण्याआधी परवानगी घेणे यांना पर्याय नाही. रोखलेली माहिती वनरक्षकापासूनही रोखली जाऊ नये, एवढी जोड मात्र त्याला हवी.

सर्वांत कमी विचार झाला आहे तो मागोव्याच्या शेवटाचा. टी-१-सी-१ चा मागोवा २०२० च्या एप्रिलच्या सुमारास संपतो, कारण संशोधकांनी कॉलर काढली. वाघ पुढे चालत राहिला. लक्ष्मीचा संदेश टॅग लावल्यापासून काही आठवड्यांतच थांबला, आणि तो टॅग निसटला म्हणून थांबला, तार मोडली म्हणून, की कासव जाळ्यात सापडले म्हणून, हे समुद्राने सांगितले नाही. नगर जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर येथे २००९ मध्ये पकडलेला, कॉलर लावून माळशेज घाटात सोडलेला आणि तिथून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरापर्यंत चालत आलेला 'आजोबा' हा बिबट्या डिसेंबर २०११ मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेत मेला. त्याची ओळख शरीरात बसवलेल्या मायक्रोचिपवरून पटली. माणसाने थांबवलेला मागोवा, अज्ञाताने थांबवलेला आणि मृत्यूने थांबवलेला, या तिन्हींचा शेवट प्रचलित नकाशांवर एकाच प्रकारच्या टिंबाने होतो. पहिल्यासाठी भरलेले टिंब, तिसऱ्यासाठी फुली आणि दुसऱ्यासाठी पोकळ वर्तुळ वापरावे, आणि त्या पोकळ वर्तुळावर बोट ठेवले की शेवटचा संदेश कधी आला, त्याची प्रतवारी कोणती होती, बॅटरीत किती दम उरला होता आणि त्या दिवशी त्या पाण्यात मासेमारी चालू होती का, एवढे उघडावे.